जमिनीखालच्या पाइपलाइनची ऊब : सोलापूरच्या रंगाईला तिचा उपयोग किती?

सोलापूरच्या टॉवेल-चादरीच्या धंद्यात भाववाढीची चर्चा निघाली की आपण सूत, मजुरी आणि वीज या तीन गोष्टींवर बोलतो. चौथी गोष्ट मात्र विसरतो. ती म्हणजे गरम पाणी. व्यापाऱ्याच्या बिलात तिचे नाव कोठेही नसते. ती रंगाईच्या दरात मिसळून येते. लाकूड महागले की रंगाईवाला किलोमागे दोन रुपये वाढवतो, आपण थोडी घासाघीस करतो आणि शेवटी देतो. ते पैसे कशाचे दिले, हे कोणी विचारत नाही.

सूत व टॉवेलच्या व्यापारात माझी बरीच वर्षे गेली. माल रंगायला टाकण्यासाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाणे नेहमीचे आहे. थंडीच्या सकाळी तेथील गटारांतून वाफ निघताना दिसते. आत भट्टीत लाकूड जळत असते आणि बाहेर तापलेले पाणी वाहून जात असते. हा देखावा इतक्या वेळा पाहिला, पण त्याचा हिशेब कधी मांडला नव्हता. गेल्या काही वर्षांत परदेशात गॅसऐवजी जमिनीखालच्या पाइपांतून घरे गरम व थंड करण्याची पद्धत सुरू झाली आहे. तिच्याविषयी वाचताना या गटाराची आठवण झाली. ही पद्धत काय आहे, तिचा आपल्या लोकांना उपयोग आहे की नाही, आणि असला तर किती, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

मूळ कल्पना

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी गार लागते आणि थंडीत तेच कोमट लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. पाणी बदलत नाही, हवा बदलते. जमिनीत काही मीटर खाली गेल्यावर तापमान वर्षभर जवळपास एकच राहते आणि ते त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतके असते.

आपल्या जुन्या कारागिरांना याची चांगली जाण होती. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्गचा किल्ला आहे. तेथे दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळात, इ. स. १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल काढलेला आहे. हे काम मीर इमादीन यांचे मानले जाते. वर ऊन तापत असताना आतील खोल्या गार राहतात, कारण भोवती दगड आणि पाणी आहे. वाड्यांची तळघरे आणि पायऱ्यांच्या बावड्या हीदेखील त्याच समजुतीची बांधकामे होत.

आजची पद्धत या समजुतीला यंत्राची जोड देते. जमिनीत बोअर घेऊन त्यात प्लास्टिकचा बंद पाइप सोडतात. पाइपातले पाणी खाली जाऊन जमिनीच्या तापमानाचे होते आणि वर येते. बोअरमधून पाणी उपसले जात नाही. तेच पाणी फिरत राहते. सोलापूरसारख्या पाणीटंचाईच्या गावात ही बाब महत्त्वाची आहे.

हे पाणी ज्या यंत्रातून जाते त्याला हीट पंप म्हणतात. घरातला फ्रीज हा हीट पंपच आहे. फ्रीज आतील उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. उष्णता तयार करायला इंधन लागते. ती एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला त्यापेक्षा फार कमी खर्च येतो. म्हणूनच एक युनिट वीज घेऊन हीट पंप साधारण तीन ते चार युनिट उष्णता देतो, तर साधा हीटर एका युनिटाला एकच युनिट देतो.

एक घर, एक बोअर असे न करता गल्लीतल्या सर्व इमारती एकाच पाइपलाइनला जोडल्या, तर त्याला जाळे म्हणता येते. या जाळ्याची खरी करामत अशी की ज्याला थंडावा हवा तो आपली उष्णता पाइपात सोडतो आणि ज्याला ऊब हवी तो ती उचलतो. वहीतल्या जमा-नावेसारखे हे खाते आहे, आणि जमीन त्यातली पेढी आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ येथील गरम पाण्याचे झरे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे पृथ्वीच्या पोटातली खरी उष्णता वर येते. लडाखच्या पुगा खोऱ्यात अशाच उष्णतेपासून वीज करण्यासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला. सोलापूर जिल्ह्यात अशा झऱ्यांच्या भरवशावर काही उभे करता येणार नाही. आपल्याकडे जे शक्य आहे ते हीट पंपाचे काम, आणि त्याला गरम झऱ्याची गरज नसते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्यातही या हीट पंपांचा समावेश आहे.

बाहेर काय झाले

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सप्टेंबर २०१८ मध्ये लॉरेन्स व आसपासच्या गावांत गॅसच्या पाइपांतील दाब एकाएकी वाढला. घराघरांत स्फोट व आगी झाल्या, एक तरुण दगावला आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. जुने गॅसपाइप बदलण्यात पुन्हा मोठा पैसा घालण्यापेक्षा त्याच रस्त्यांखाली पाण्याचे पाइप का टाकू नयेत, हा विचार त्या राज्यात आधीपासून मांडला जात होता. या घटनेनंतर त्याला जोर आला. जून २०२४ मध्ये फ्रेमिंगहॅम गावात ३६ इमारतींचे असे जाळे सुरू झाले. बोअर ६०० ते ७०० फुटांचे आहेत. घरे, दुकाने, अग्निशमन केंद्र सर्व एकाच पाइपलाइनवर आहे. विशेष म्हणजे हे काम तेथील गॅस कंपनीनेच केले. खोदाई करणारे कामगार, रस्त्यांचे परवाने, दर महिन्याला बिल भरणारे ग्राहक हे सर्व तिच्याकडे होतेच. पाइपात काय वाहते एवढेच बदलले.

नेदरलँड्सच्या हेर्लेन गावात कोळशाच्या खाणी बंद पडून पाण्याने भरल्या होत्या. तेच पाणी २००८ पासून इमारती गरम-थंड करण्यासाठी वापरात आले.

आपल्या धंद्याला जवळचे उदाहरण तुर्कस्तानचे आहे. टॉवेलच्या निर्यातीत असलेल्यांना देनिझली हे नाव सांगायला नको. परदेशी खरेदीदार सोलापूरच्या मालाशेजारी देनिझलीचा माल ठेवूनच भाव बोलतो. त्या देनिझली प्रांतात किझिलदेरे येथे १९८४ पासून जमिनीतल्या वाफेवर वीज होते, आणि वापरून झालेले गरम पाणी जवळच्या सरायकोय गावातील घरांना व भाजीच्या काचघरांना दिले जाते. गोनेन येथे १९८७ पासून घरांबरोबर चामडे कमावण्याच्या कारखान्यांनाही असे पाणी मिळते. तेथील जमीन खरोखर गरम आहे, आपली नाही. पण एकाने वापरलेले पाणी दुसऱ्याला देण्याची त्यांची सवय घेण्यासारखी आहे.

आपली जमीन काय देते?

सोलापूरचे वर्षाचे सरासरी तापमान २७-२८ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे जमिनीखालीही जवळपास तेवढेच. एप्रिल-मेमध्ये हवा ४३-४४ अंशांवर जाते, तेव्हा एसीचे बाहेरचे यंत्र त्या तापलेल्या हवेत उष्णता फेकण्यासाठी धापा टाकत असते. तीच उष्णता २८ अंशांच्या जमिनीत सोडली तर विजेची बचत होते, यात शंका नाही.

अलबत्ता खर्चही पाहिला पाहिजे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ढोबळ मानाने दीड टनाच्या एका एसीमागे सुमारे ४०० फुटांचे बोअर लागेल. बोअरची यंत्रे सोलापुरात भरपूर आहेत आणि ४००-५०० फूट खोदणे येथे नवलाचे नाही. पण एका दुकानाच्या एका एसीसाठी एवढी खोदाई परवडणार नाही. दुसरी अडचण अशी की आपल्याला थंडावा बारा महिन्यांतले आठ-नऊ महिने हवा असतो आणि घर गरम करण्याची गरज जवळपास नसते. फ्रेमिंगहॅममध्ये उन्हाळ्यात जमिनीत जमा केलेली उष्णता हिवाळ्यात परत काढली जाते. आपण नुसती जमाच करत राहिलो तर काही वर्षांत जमीनच तापेल आणि फायदा कमी होत जाईल.

मग सोलापुरात ही उष्णता उचलणारा कोण? घरे नव्हेत. ज्याला रोज बारा महिने हजारो लिटर गरम पाणी लागते, तो रंगाईवाला.

हजार लिटरचा हिशेब

सुती धाग्याला रिअॅक्टिव्ह रंग देताना पाणी साधारण ६० ते ८० अंश लागते. उकळणे, ब्लीच आणि शेवटची साबण-धुलाई ९० अंशांच्या वर जाते. पॉलिस्टरला १३० अंश लागतात आणि तेथे वाफेशिवाय इलाज नाही. म्हणजे कामाचा पहिला टप्पा, २८ ते ६० अंश, हा सर्वांना समान आहे. त्याचाच हिशेब करू.

१,००० लिटर पाणी २८ वरून ६० अंशांवर न्यायला ३२,००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे सुमारे ३७ युनिट. दर मी समजुतीसाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या बिलावरचे घालावेत.

व्यापारी गॅस : बर्नरचे नुकसान धरून सुमारे ३.६ किलो. किलोला ९० रुपये धरले तर सुमारे ३२५ रुपये.

साधा विजेचा हीटर : ३७ युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर सुमारे ३३५ रुपये.

लाकूड : बॉयलर व पाइपातली गळती धरून निम्मीच उष्णता पाण्यात पोचते. सुमारे १८ किलो. किलोला ६ रुपये धरले तर सुमारे ११० रुपये.

जमिनीच्या पाण्यावरचा हीट पंप : सुमारे साडेदहा युनिट. ९ रुपयांनी सुमारे ९५ रुपये.

यातून दोन गोष्टी लक्षात येतील. जो गॅसवर किंवा हीटरवर पाणी तापवतो, त्याचा खर्च हीट पंपाने तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हॉटेलवाले, लॉजवाले, मंगल कार्यालये, दवाखाने या सर्वांनी याचा आजच विचार करावा. दुसरी गोष्ट अशी की जो लाकूड जाळतो, त्याला नुसत्या हीट पंपाने फारसे काही सुटत नाही. हजार लिटरला पंधरा रुपयांसाठी लाखोंचे यंत्र कोणी घेणार नाही. एखादा एजंट लाकडाच्या बॉयलरवाल्याला नुसत्या बचतीची मोठी स्वप्ने दाखवत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा.

गटारातली कमाई

आता तेच गटार आठवावे. रंगाचे किंवा धुलाईचे पाणी सोडले जाते तेव्हा ते सहसा ६०-६५ अंशांवर असते. त्याच वेळी शेजारच्या टाकीत २८ अंशांचे गार पाणी तापण्याची वाट पाहत असते. दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता पत्र्याच्या दोन बाजूंनी उलट दिशेने वाहू दिले, तर गार पाणी ५० अंशांपर्यंत आपोआप चढते. या साधनाला हीट एक्स्चेंजर म्हणतात. हजार लिटरमागे १२ किलो लाकूड वाचते. भट्टी नको, कॉम्प्रेसर नको, फक्त एक छोटा पंप लागतो.

उरलेले सांडपाणीही ४० अंशांच्या आसपास असते. हीट पंपाला २८ ऐवजी ४० अंशांचे पाणी मिळाले तर तो एका युनिटाला पाच युनिटपर्यंत उष्णता देतो, आणि वरचा ९५ रुपयांचा आकडा ६५-७० वर येतो. एसी, शीतगृह, बर्फाचा कारखाना, कॉम्प्रेसर यांची फेकली जाणारी उष्णता त्याच पाइपलाइनमध्ये आली तर पाणी आणखी कोमट राहील, आणि त्या लोकांना थंडावाही स्वस्त पडेल. जाळ्याची कल्पना सोलापुरात उपयोगी पडेल ती येथे. खोल खोदण्याआधी शेजाऱ्याकडे पाहावे. बोअर नंतर, खात्यात जेवढी तूट किंवा शिल्लक राहील तेवढ्यापुरतेच.

ही पद्धत हिंदुस्थानला अगदी अनोळखी नाही. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत अनेक इमारतींना एकाच ठिकाणाहून थंड पाणी पाइपने दिले जाते. गुजरातच्या अंकलेश्वर, वापी अशा वसाहतींत एक मोठा बॉयलर अनेक कारखान्यांना मीटरवर वाफ विकतो. लहान कारखानदाराला स्वतःचा बॉयलर ठेवावा लागत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने लघुउद्योगांसाठी जे समूह निवडले होते, त्यांत सोलापूरचा टेक्सटाइल समूहही होता. म्हणजे आपल्या भट्ट्यांतील नासाडी सरकारी कागदावरही आलेली आहे.

अडचणी

रंगाच्या पाण्यात सुताचा फुलोरा असतो. तो अरुंद एक्स्चेंजरमध्ये अडकून आठ दिवसांत वाट बंद करतो. आधी जाळी लावावी आणि रुंद वाटेचे साधन घ्यावे. रिअॅक्टिव्ह रंगाईत मीठ भरपूर पडते. साधे लोखंड व हलके स्टील त्याने खाल्ले जाते, म्हणून ३१६ दर्जाचे स्टील मागावे. पाणी सोडण्याची आणि तापवण्याची वेळ जुळत नाही, त्यासाठी चांगली गुंडाळलेली टाकी लागते. वीज गेली की हीट पंप थांबतो, म्हणून जुना बॉयलर काढू नये. ६० अंशांवरच्या कामाला तो लागणारच आहे, फक्त कमी जळेल.

आपल्या बेकरीवाल्या भावांनी मात्र गैरसमज करून घेऊ नये. पावाच्या भट्टीला २०० अंशांहून अधिक तापमान लागते. ते या पाइपलाइनचे काम नाही. तरी त्यांच्यासाठी एक इशारा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पिढ्यान्‌पिढ्या भट्टी चालवणाऱ्यांची त्यामुळे मोठी धावपळ झाली. तो आदेश मुंबईपुरता होता. पण धुराची तक्रार फक्त मुंबईत होते असे नाही. उद्या सोलापूरच्या रंगाईवाल्याला अशी नोटीस आली तर ज्याने आपले लाकूड आधीच निम्म्यावर आणले असेल, तो शांतपणे विचार करू शकेल. बाकीच्यांना मिळेल त्या भावाने गॅसकडे पळावे लागेल, आणि तो ३२५ रुपयांचा आकडा मग रंगाईत, रंगाईतून टॉवेलमध्ये येईल. देनिझलीशी भाव लावताना तो आपल्यालाच जड जाईल.

भांडवल कोठून आणावे?

एक्स्चेंजर आणि टाकी ही एका कारखान्याच्या आवाक्यातली गोष्ट आहे. त्यासाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. सामाईक पाइपलाइन व हीट पंप हे एकट्याचे काम नव्हे. फ्रेमिंगहॅममध्ये तो खर्च गॅस कंपनीने उचलला; आपल्याकडे तसे कोणी नाही.

आपल्यापैकी अनेकजण व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात आणि त्यामुळे नवी यंत्रे घेण्यात मागे पडतात, हे दुखणे जुने आहे. हे काम मात्र मुशारका, म्हणजे भागीदारीच्या रीतीला चांगले जुळते. चार-पाच शेजारी रंगाईवाले, एखादा शीतगृहवाला आणि दोन व्यापारी मिळून हिस्सा घालू शकतात. उष्णता मीटरने मोजली जाते, म्हणून कोणी किती घेतली याचा वाद राहत नाही. जो घेतो तो भरतो, नफा हिश्श्याप्रमाणे वाटला जातो. किंवा यंत्र एकाचे आणि ठरलेल्या भाड्यावर वापर इतरांचा, असाही करार होतो. लिखापढी मात्र पहिल्या दिवशीच व्हावी. पाइप फुटला तर कोणी भरायचे आणि भागीदार बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कसा धरायचा, हे तोंडी ठेवू नये. सोलापूरने सहकारी सूतगिरण्या उभारल्या आणि त्यांतल्या काही बुडतानाही पाहिल्या. सामाईक कामात हिशेब ढिला पडला की काय होते, हे येथे कोणाला शिकवायला नको.

व्यापारी म्हणून आपलीही जबाबदारी आहे. रंगाईवाल्याने दोन रुपये वाढवले की आपण दुसरा रंगाईवाला शोधतो. त्याऐवजी, बचतीचे साधन लावणाऱ्याला वर्षभराच्या कामाची हमी दिली आणि वाचलेल्या पैशांत वाटा ठरवला, तर दोघांचे भले होईल.

पहिले पाऊल

यासाठी आज कोणतेही यंत्र विकत घेण्याची गरज नाही. एक साधा थर्मामीटर घ्यावा. आठ दिवस, प्रत्येक वेळी पाणी सोडताना त्याचे तापमान आणि लिटर वहीत लिहावे. शेजारी त्या दिवशी जळलेले लाकूड लिहावे. आठवड्याच्या शेवटी गटारात किती किलो लाकूड गेले ते आपल्याच अक्षरात समोर दिसेल. ती वही घेऊन शेजारच्या कारखानदाराकडे, मग तो मोमीन असो की पद्मशाली, मशवरा करायला जावे. पाइपलाइनला जात-जमात कळत नाही, आणि लाकडाचा भाव दोघांनाही सारखाच लागतो.

आपल्या दीनमध्ये इस्राफ, म्हणजे नासाडी, नापसंत आहे. वजू करतानाही पाणी जपून वापरण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. मग कारखान्यातून रोज जी ऊब वाहून जाते, तिच्याकडे आपण दुर्लक्ष कसे करावे? ती थांबवली तर भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या मजुराचा धूर कमी होईल, झाड वाचेल आणि धंद्यात बरकत येईल, इन्शाअल्लाह. कारखानदार व व्यापारी बांधवांनी याचा जरूर विचार करावा.